रिपोर्ट माझा होता

आमच्या पोलादपूरकडे मूल होत नसलं की आधी सुनेला डॉक्टरकडे नेतात. माझ्या बायकोची सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का हे बघणारा तो दुखरा एक्स-रेही झाला. सगळं नॉर्मल. महाडच्या विरेश्वराला नवसही तिनेच बोलला. माझी तपासणी सगळ्यांत स्वस्त, सुईसुद्धा न टोचणारी, आणि तीच शेवटी राहिली. शुक्राणू शून्य निघाले.

संशय पहिला कंपनीवर गेला. महाड एमआयडीसीत मी रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर आहे. मे महिन्यात शेडमध्ये उभं राहवत नाही, सॉल्व्हंटचा वास घरी आल्यावरही अंगाला असतो. मुंबईत परळच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तो संशय झटकला नाही. अंडकोशांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. सततची उष्णता, शिसं, काही कीटकनाशकं, तंबाखू यांनी शुक्राणू घटतात, असं त्यांनी नीट सांगितलं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तेवढं थांबून पुन्हा तपासलं. पुन्हा शून्य. मग गुणसूत्रं तपासली. वाय गुणसूत्राचा ‘एझेडएफ-सी’ नावाचा तुकडा माझ्यात नव्हताच.

“पण आम्ही तिघे भाऊ, त्या दोघांना पोरं आहेत. मग माझ्यातच कसं?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा वडिलांचं वाय गुणसूत्र शाबूत असतं. त्यांच्या एखाद्या शुक्राणूत तो तुकडा गळतो आणि नेमका त्यातूनच मुलगा जन्मतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी शुक्राणू शून्य असलेले ३४० भारतीय पुरुष तपासले होते. २००३ च्या त्यांच्या निबंधात २९ जणांच्या वाय गुणसूत्रात असे तुकडे गायब असल्याची नोंद आहे. ते वाचलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं.

माझं उत्तर मिळालं, पण बॉयलरवरच्या माझ्या मित्राचं नाही. त्याचे शुक्राणू कमी आहेत, गुणसूत्रं मात्र ठीक. तो तंबाखूचा मावा खातो, आठ तास भट्टीपाशी असतो. नेमकं कशाने, हे कोण सांगणार? कंपनीच्या वार्षिक तपासणीत कान, डोळे, फुप्फुसं बघतात. मूल होण्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि आपणही बोलत नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं, आपल्यापैकी कित्येकांना मुलं होत नाहीयेत. त्यांनी तपासणी मागितली, आणि डीबीसीपी हे रसायन पकडलं गेलं. ते एकमेकांशी बोलले म्हणून. आता कॅन्टीनमध्ये मी माझा रिपोर्ट उघड सांगतो. पहिल्या दिवशी सगळे ताटात बघत राहिले; नंतर दोघांनी बाजूला घेऊन लॅबचा पत्ता विचारला.

अंडकोशातून सुईने शुक्राणू मिळाले तर इक्सीने, म्हणजे एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचून, मूल होऊ शकतं. मुलगी झाली तर प्रश्न नाही, तिच्यात वाय नसतं. मुलगा झाला तर हेच त्याच्याकडे जाणार. हे ऐकून बायको म्हणाली, “मग त्याला आपण वेळेवर सांगू. त्याच्या बायकोला माझ्यासारखं फिरवायचं नाही.” आम्ही तारीख घेतली आहे.