रॉयल पामची कंबर



नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालात की फार्महाऊस लांबूनच ओळखू येतात. लोखंडी फाटक, फाटकापासून घरापर्यंत ब्लॉकचा रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पामची रांग. मागे तोरणा, पुढे भाताची खाचरं आणि मध्ये हे क्युबाचं झाड! भोरकडे आलात तरी तेच. मला आधी या फॅशनचं हसू यायचं. आपल्याकडे आंबा, जांभूळ, फणस असताना ना सावली, ना फळ असलं झाड कशाला? पण आमच्या गुंजवणीकाठच्या शेतावर अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २०१७ च्या पावसाळ्यात हौसेने दहा पाम लावले आणि हळूहळू माझाही त्यांच्यात जीव गुंतला. २०२३ मध्ये पुतणीचं लग्न शेतावरच करायचं ठरलं, तेव्हा त्यातले आठ उपटून टाकायची वेळ आली होती. त्या वादात या झाडाच्या खोडाबद्दल मी बरंच शिकले. तुमच्याही दारात पाम असतील तर उपयोगी पडेल.

आधी नावाचा घोळ. नर्सरीवाले याला सर्रास ‘बॉटल पाम’ म्हणतात. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या छोट्याशा बेटावरचा, ठेंगणा, गोल पोटाचा. आपल्याकडे रांगेने दिसतो तो रॉयल पाम, रॉयस्टोनिया रेजिया. हा साठ-सत्तर फूट सहज जातो. क्युबाच्या राजचिन्हातही तो आहे. ‘रॉयस्टोनिया’ हे नाव मात्र राजाचं नाही. रॉय स्टोन नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरचं नाव १९०० साली या झाडाला मिळालं. ‘बॉटल’ म्हणून घेतलं आणि पाच वर्षांत झाड गच्चीच्या वर गेलं, अशी तक्रार करणाऱ्या दोघी तरी माझ्या ओळखीत आहेत.

घोळ होतो तो झाडाच्या लहानपणामुळे. रोप तीनेक वर्षांचं झालं की बुंधा फुगायला लागतो, अगदी बाटलीसारखा. हे तब्येतीचं लक्षण आहे. पुढे तो वर जाताना थोडा निमुळता होतो आणि मोठेपणी मध्यावर पुन्हा हलकं पोट धरतो. हा चढउतार हळुवार असतो. माठाचा गळा जसा नजरेला कुठे टोचत नाही, तसा. टोचतो तो एकदम आवळलेला भाग. कुणी दोरीने करकचून बांधल्यासारखी कंबर दिसली की समजायचं, त्या वेळी झाडाला काहीतरी सोसावं लागलंय.

आता ही कंबर नंतर भरून का येत नाही? आंब्याचं खोड दर वर्षी सालीच्या आतून नवा थर धरतं, म्हणून ते जाड होत जातं आणि त्याच्या जखमाही भरतात. पामच्या खोडात तो थरच नाही. दिवाळीत आपण सोऱ्याने शेव पाडतो ना, तसं समजा. चकतीतून शेव जेवढी जाड बाहेर पडली, तेवढीच. हात ढिला पडला तर ती तिथे बारीक होते, आणि पडलेली शेव पुन्हा सोऱ्यात जात नाही. तळताना थोडी फुलते, तेवढंच. रॉयल पामच्या खोडातल्या जुन्या पेशीही काही वर्षं थोड्या फुगतात आणि खोड जरासं भरतं, पण बारीक राहिलेला भाग शेजारच्या भागाएवढा होत नाही. झाडाच्या डोक्यात, त्या हिरव्यागार गुळगुळीत नळीच्या आत, एकच कोंब असतो. जे काही घडायचं ते तिथेच. फांदी नाही, दुसरा डोळा नाही. तो कोंब गेला की सगळं झाड गेलं.

आमच्या दहांपैकी आठ झाडांना छातीएवढ्या उंचीवर अशी कंबर पडली होती. फाटकाजवळची दोन मात्र सरळसोट, भरदार. भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणायचे की नर्सरीवाल्याने आठ रोपं हलकी दिली. असेलही, म्हणून सगळे गप्प बसले होते.

माझे एक मामेसासरे आयुष्यभर शेतीखात्यात होते. ते आले तेव्हा त्यांनी मला खोडावरची वलयं मोजायला लावली. गळून गेलेल्या प्रत्येक पानाची एक खूण म्हणजे एक वलय. चांगल्या वाढत्या रॉयल पामचं साधारण महिन्याला एक पान गळतं. २०२३ च्या जानेवारीत मी हिरव्या नळीच्या खालून मोजत आले, तर कंबरेच्या सगळ्यात बारीक जागेपर्यंत अठरा वलयं भरली. म्हणजे दीड वर्ष मागे, २०२१ चा पावसाळा. “थांब सूनबाई, अजून एक हिशेब आहे,” मामा म्हणाले. “ते पान गळायच्या आधी वर्षभर तरी डोक्यावर होतं. ते उघडलं कधी?” २०२० चा उन्हाळा!

मग सगळं उलगडलं. मार्चअखेर लॉकडाऊन लागला. आम्ही भोरमध्ये, शेत पंचवीस-तीस किलोमीटरवर, आणि जायची सोय नाही. एरवी आठवड्याला टँकर यायचा तोही बंद. आपल्याकडच्या पावसाची गंमत तुम्हाला माहीत आहेच. वेल्ह्यात चार महिने सूर्य दिसत नाही आणि होळीनंतर विहिरीचा तळ दिसतो. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कोकणात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घाटावर आमच्याकडेही झाडं पडली. आमचे पाम उभे राहिले, पण झावळ्या फाटून चिंध्या झाल्या. आधी तहान, मग वादळ. आणि फाटकाजवळची दोन? तिथे रखवालदाराची खोली आहे. त्याची बायको भांडी घासते त्या मोरीचं पाणी पन्हळीतून त्याच दोन झाडांच्या आळ्यात जातं. माणसं तिथेच अडकली होती, त्यामुळे पाणी एक दिवसही चुकलं नाही. रोपं हलकी नव्हती.

हे भाऊजींना पटलं, पण लग्न तोंडावर होतं. सजावटवाला येऊन गेला होता आणि त्याने तीन गोष्टी सुचवल्या होत्या. कंबर पडलेली आठ झाडं काढून पंधरा-पंधरा फुटी तयार पाम लावायचे. खालच्या लोंबत्या झावळ्या छाटून शेंड्याला टोकदार आकार द्यायचा. आणि खोडांना खिळे मारून लायटिंगच्या माळा बांधायच्या. ड्रोनने शूटिंग होणार होतं, वरून रांग एकसारखी दिसायला हवी!

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, “उभी झाडं फोटोसाठी काढायची का?” वनस्पतीही जीवच, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आठम-चौदसला हिरवं पान न खाणाऱ्या बाईला आठ झाडं उपटणं कसं सोसावं? पण नुसत्या भावनेने लग्नघरात कुणी ऐकत नाही. म्हणून मी मामांकडून शिकलेलं भाऊजींपुढे मांडलं.

मोठा पाम उपटला की त्याची बरीचशी मुळं तुटतात. तुटलेल्यांपैकी पुष्कळ मरतात आणि बुंध्यातून नवी फुटेपर्यंत झाड जेमतेम तग धरतं. म्हणजे त्या काळात सोऱ्यावरचा हात पुन्हा ढिला. नवीन आणलेल्या पंधरा फुटी झाडालाही दीड-दोन वर्षांत कंबर पडणार, आणि ती छातीशी नाही, वर, सगळ्यांना दिसेल अशी. “भाऊजी, लाखभर रुपये घालून आपण कंबर फक्त वर सरकवणार,” मी म्हणाले. वाणसामानाचं दुकान चालवणारा माणूस, हिशेब लगेच कळला. शिवाय एकदम बारीक झालेला भाग वादळात मोडायची भीती असते. आमच्या झाडांची कंबर खाली आहे, हळूहळू बारीक होत गेलेली आहे आणि तिच्यावरचं खोड पुन्हा भरत आलं आहे. मी ब्लाउज मापायची टेप लावून पाहिलं. तिसऱ्या झाडाचा कंबरेशी घेर ३० इंच, वर दोन फुटांवर ४३.

झावळ्यांचा मुद्दा मात्र अवघड गेला, कारण पिवळी पडलेली पानं काढली की झाड ‘स्वच्छ’ दिसतं, असं सगळ्यांनाच वाटतं. रॉयल पाम आपलं पान आपण टाकतो, देठासकट. त्याला न्हाव्याची गरज नाही. आणि खालची जुनी पानं पिवळसर-नारिंगी ठिपक्यांची होतात ती पुष्कळदा पालाशच्या कमतरतेने. आपल्याकडे पावसाच्या धारांबरोबर पालाश जमिनीतून वाहून जातं. झाड काय करतं? जुन्या पानांतला पालाश काढून कोवळ्या पानांना पुरवतं. घरातल्या आजीने आपल्या ताटातलं नातवाला वाढावं तसं. ते पान आपण छाटलं की ताटच उचललं. मग त्याच्या वरचं पान पिवळं पडतं, तेही छाटायचं, असं करत शेंड्याला चार पानं उरतात आणि कोंब बारीक होत खोड पेन्सिलीच्या टोकासारखं होतं. रस्त्याने जाताना अशी झाडं पाहा, पुष्कळ दिसतील. उपाय वर नाही, आळ्यात आहे. पावसाचा जोर ओसरला की शेणखत, पालाश आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट, पुन्हा फेब्रुवारीत एक हप्ता, आणि उन्हाळ्यात वाळक्या गवताचं आच्छादन. माती मात्र बुंध्यावर चढवायची नाही. बुंध्याशी मुळं उघडी दिसली की आपल्या बायकांना ती झाकायची घाई होते!

खिळ्यांना अण्णांनीच नाही म्हटलं. पामच्या खोडाला केलेलं भोक कायमचं. त्यातून पाणी मुरतं, कुज आत जाते. शेवटी माळा सुती दोरीने बांधल्या आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी रखवालदाराने सोडल्या. शूटिंगमध्ये कंबर दिसते का, असं विचाराल तर दिसते. नवरीच्या हळदीच्या फोटोत तर ती तिसऱ्या झाडाच्या कंबरेशी टेकून उभी आहे.

त्याच पावसाळ्यात दुसरं संकट आलं. दोन झाडांची नवी पानं उघडली ती कात्रीने कापल्यासारखी, दोन्ही बाजूंना व्हीच्या आकारात. गेंड्या भुंगा. हा मिटलेल्या पानांतून आत शिरतो, आणि कोंबापर्यंत पोचला तर झाड संपलं. नेहमीचा उपाय म्हणजे तारेच्या आकड्याने भुंगा ओढून मारायचा आणि शेंड्यात औषध घालायचं. आईंचा चातुर्मास चालू होता. चातुर्मास नसता तरी त्यांनी होकार दिला नसता.

इथे आपल्या घरातली जुनी शिकवण कामाला आली, जयणा. पीठ जुनं होऊ देऊ नये, पाणी साठवू नये, म्हणजे जीव उत्पन्नच होत नाहीत आणि मारायची वेळ येत नाही. गेंड्या भुंगा वाढतो कुठे? कुजत्या शेणखतात, सडक्या ओंडक्यांत. आमचा खताचा खड्डा पामच्या रांगेपासून वीस पावलांवर होता. तो भरणं बंद केलं. आता शेण पातळ पसरून वाळवतो, ओला ढीग साचू देत नाही. त्या दोन झाडांच्या वरच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून घातली, तिच्या वासाने भुंगा लांब राहतो. जुन्या खड्ड्यातलं खत शेजारच्या एका शेतकऱ्याने ट्रॉली लावून नेलं. त्यात जे काही वळवळत होतं तेही त्याच्याबरोबर गेलं. त्याने पुढे त्याचं काय केलं असेल, हा प्रश्न आईंनी संध्याकाळच्या प्रतिक्रमणानंतर मला विचारला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि दोघींनी तो विषय पुन्हा काढलेला नाही.

दोन्ही झाडं वाचली. कापलेली पानं गळून गेली आणि नंतरची अखंड आली. त्या पावसाळ्यात घडलेलं खोड आता नळीतून बाहेर आलंय. टेप लावली, दोन्हींचा घेर वरच्या-खालच्यापेक्षा दीड-दोन इंचच कमी आहे. डोळ्याला कळतही नाही.

गळून पडलेल्या झावळीचा देठ मात्र चांगलाच जड असतो, तेव्हा पामखाली गाडी किंवा पाळणा ठेवू नका. आमच्याकडे पोरं त्या देठावर बसतात आणि दुसरं पोर झावळी धरून ओढतं, कोकणात सुपारीच्या विरीवर बसवून ओढतात तसं. ब्लॉकच्या रस्त्याचा हा एवढा एक उपयोग मला मान्य आहे.