दोन मिलिमीटरची तार

भातकापणीनंतर खालापूरकडची शेतं मोकळी झाली की आमची रिमोटची विमानं बाहेर निघतात. मोटरवर लोक तासभर गप्पा हाणतील, पण सर्वो मोटरपासून शेपटीतल्या एलेव्हेटरपर्यंत जाणाऱ्या तारेबद्दल? छे! नाक वर-खाली होतं ते तिच्यामुळेच की राव.

माझं साधं असतं. सर्वोकडे तारेलाच झेड-बेंड, दुसरीकडे आट्यांची क्लेव्हिस. एका फेऱ्याला ०.४ मिमी, लांबी मस्त जुळते. तिच्यावर सिलिकॉन नळीचा तुकडा हवाच, हवेत उघडली तर संपलं. सर्वोच्या हाताचं आतलं भोक, एलेव्हेटरच्या हॉर्नचं बाहेरचं: हालचाल कमी, पण जोर जास्त आणि ढिलेपणाही कमी.

सायकलच्या स्पोकला आयते आटे असतात, स्वस्तही पडतो. पण २ मिमीच्या क्लेव्हिसमध्ये ते नीट बसत नाहीत. आणि बांधावर पोरं बघत उभी असतात हो... एलेव्हेटरला मी स्पोक लावत नाही.