दगडू, धोंडू आणि माडीवरचे ऊन

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरी आलेल्या दोन सरड्यांनी ती साफ खोटी पाडली. त्यांचे मूळ कूळ ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील उन्हाने भाजून निघणाऱ्या माळरानांतले; आणि ते येऊन स्थिरावले कोठे, तर हैदराबादेत, सुलतान बाजाराच्या एका गल्लीत, आमच्या वडिलोपार्जित घराच्या माडीवर!

त्यांना आणले आमच्या नातवाने. ऐन श्रावणात एके दिवशी स्वारी पुठ्ठ्याचा खोका घेऊन दाखल झाली. आत बोटाएवढी दोन पिल्ले. ‘बिअर्डेड ड्रॅगन’, म्हणजे दाढीवाला सरडा, असे त्यांचे नाव त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. पुढे पंधरा दिवसांतच तो शिक्षणासाठी पुण्यास निघाला. “आजोबा, फक्त दिवाळीपर्यंत सांभाळा,” असे म्हणून त्याने आमच्या हाती एक कागद दिला. त्यावर अंशांचे, इंचांचे आणि तासांचे आकडे होते. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम नाके मुरडली. पण पिल्ले फारच किरकोळ आहेत हे पाहून त्यांच्यातील आजी जागी झाली. पूर्वी मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. तीच त्यांनी ठेवली. थोरला दगडू, धाकटा धोंडू. थोरला कशावरून, तर तो चार केसांनी लांब होता म्हणून.

वाचकहो, आपल्या कुंपणावर मान हलवीत बसणारा सरडा आणि हे पाहुणे एकाच ‘अगामिडी’ नावाच्या कुळातले. ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी घातलेली आहे. तेव्हा इतरत्र विकली जाणारी पिल्ले ही पाळलेल्या सरड्यांचीच संतती होय. आपल्याकडील घोरपड किंवा तारा कासव मात्र कोणी हौसेने घरी आणू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. आणि परदेशी पाहुणा नकोसा झाला म्हणून त्याला बागेत सोडून देणे, हेही तितकेच गैर.

नातवाच्या कागदाप्रमाणे आम्ही घर मांडू लागलो. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद अशी काचेची पेटी, वर बारीक जाळीचे झाकण. पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसह दीड-दोन फुटांचा होतो, त्याला चार फूट लांब व दोन फूट रुंद घर लागते. पण पिल्लाला आरंभी फार मोठे घर दिले, तर त्यात भक्ष्य शोधताना ते बिचारे हरवते. वाळवंटी प्राणी म्हणून आम्ही तळाला वाळू पसरण्याच्या बेतात होतो. कागदावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘वाळू नको’. पिल्लू भक्ष्याबरोबर वाळू गिळते आणि तिने आतडे तुंबते. तेव्हा आमची जुनी वर्तमानपत्रे कामी आली. रोज बदलायची, रोज स्वच्छ.

खरी परीक्षा उजेडाची होती. आम्हां सामान्य माणसांना दिवा म्हटला की दिवा. पण या प्राण्यांना तीन निरनिराळ्या गोष्टी लागतात, हे आम्ही उतारवयात शिकलो. पहिली उष्णता. सरड्याचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. अन्न पचवण्यासाठीसुद्धा त्याला बाहेरची ऊब घ्यावी लागते. म्हणून पेटीच्या एका टोकास एक दगड आणि त्यावर दिव्याचा झोत. दगडावर सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या टोकास २५ ते २८ अंश. पिल्लू तापले की आपण होऊन गार बाजूस जाते. दोन्ही टोकांस तापमापक हवाच. हाताने चाचपून घेतलेला अंदाज कामाचा नाही. दुसरी गोष्ट लखलखीत उजेड, दिवसाचे बारा ते चौदा तास, आणि रात्री पूर्ण अंधार. तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक विशिष्ट पट्टा, ज्याला ‘यूव्ही-बी’ म्हणतात, तो कातडीवर पडला तरच शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. आणि ते असेल तरच खाल्लेला चुना हाडांत उतरतो. साध्या बल्बात ऊब आहे, एलईडीत उजेड आहे. पण हे किरण दोन्हींत नाहीत. त्यासाठी वेगळी नळी लागते.

पिल्लांबरोबर आलेला दिवा जुजबी होता. म्हणून ती नळी शोधायला आम्ही ट्रूप बाजारात गेलो. हैदराबादेत विजेच्या सामानासाठी यापरते ठिकाण नाही. चिनी मातीचे होल्डर मिळाले, आपोआप चालू-बंद होणारे टायमर मिळाले. एका दुकानदाराने मोठ्या खात्रीने एक नळी पुढे केली, “ये लेलो साब, एकदम असली यूव्ही है!” ती पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली निघाली. तिचे किरण जंतू मारण्यासाठी असतात. डोळे आणि कातडी दोन्ही जाळणारे. नातवाला दूरध्वनी केला म्हणून थोडक्यात बचावलो. अखेर योग्य नळी त्यानेच पुण्याहून धाडली.

ती बसवण्यात आमच्याकडून पहिली चूक झाली. जुने घर, वरून माती गळते. म्हणून आम्ही जाळीवर काचेचे तावदान ठेवले आणि त्यावर नळी. पेटी छान झळाळली. पंधरा दिवसांनी नातवाने फोनवरच्या चित्रात ते पाहिले आणि तो ओरडलाच, “आजोबा, काच काढा! ती सगळे किरण अडवते!” उजेड आरपार दिसत होता, आणि हवे ते नेमके अडकून पडले होते. पेटी सरळ उन्हात ठेवण्याचा सौभाग्यवतींचा विचारही त्याने मोडून काढला. काचेच्या बंद पेटीची उन्हात भट्टी होते आणि पिल्ले काही मिनिटांत दगावतात.

अन्नाची कथा वेगळीच. पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा जिवंत किडे लागतात. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा किडा देऊ नये, असा दंडक. ज्या घरात कांदाही चातुर्मासात उंबरठ्याबाहेर राहतो, त्या घरात अंड्यांच्या पुठ्ठ्यांवर रातकिडे वाढू लागले! आयुष्यभर झुरळे मारण्यासाठी पैसे मोजले, आता झुरळे विकत घेण्यासाठी मोजू लागलो. काजवा मात्र चुकूनही देऊ नये. एकच काजवा या सरड्याचा प्राण घेण्यास पुरतो. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवायची आणि जोडीला भाजी. पालकातील आम्ल चुन्याला बांधून ठेवते, म्हणून तो वर्ज्य. बडी चावडीच्या बाजारातून लाल भोपळा येई, आणि परसातील जास्वंदीची फुले देवाआधी दगडूला जात.

हळूहळू पेटी हा घराचा दिवाणखाना झाला. येणारा-जाणारा तिच्यापुढे बसे. दगडू दगडावर येऊन बसला की धोंडू आपला पुढचा पाय उचलून गोल हलवी. “पाहा, कसा नमस्कार करतो!” म्हणून आम्ही कौतुक करीत असू. दुपारी दोघे दिव्याखाली एकावर एक निजत, दगडू वर, धोंडू खाली. आम्ही पाहुण्यांना सांगत असू, “माणसांनी यांच्याकडून बंधुप्रेम शिकावे.”

दिवाळीच्या सुमारास धोंडूचे पाय थरथरू लागले. जबडा मऊ लागे, किडा तोंडातून निसटे. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या एका डॉक्टरांकडे त्याला नेले. त्यांनी क्ष-किरण चित्र काढले. हाडे पुसट रांगोळीसारखी दिसत होती. “हाडांत चुना नाही. माणसांत ज्याला मुडदूस म्हणतात, तसाच हा प्रकार,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, “दोघे एकाच पेटीत आहेत का? एकावर एक बसतात?” आम्ही मोठ्या उत्साहाने होकार दिला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “काका, ते प्रेम नव्हे. वरचा खालच्याचं ऊन घेतो. आणि तो हात हलवतो ना, तो नमस्कारही नव्हे. ‘मी लहान आहे, मला मारू नका,’ असं तो सांगत असतो.”

परतताना रिक्षात आम्ही कोणीच बोललो नाही.

मुडदूस हा शब्द आमच्या मनातून जाईना. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टराने १९१९ साली मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याच्या उजेडात ठेवून बरे करून दाखवले, हे आम्ही पूर्वी वाचले होते. कारखान्यांच्या धुरकट शहरांत, अंधाऱ्या चाळींत वाढणाऱ्या मुलांचा तो रोग. आपल्याकडे उन्हाला काय तोटा, असे वाटते. पण ऊन गावात असणे वेगळे आणि अंगावर पडणे वेगळे. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवण्याची आपली रीत चांगलीच. परंतु सकाळच्या त्या उन्हात ऊब असली, तरी हे किरण फार थोडे असतात. सूर्य वर आला की ते वाढतात.

आता जे सांगायचे, ते सांगणे सोपे नाही. वडील गेल्यावर या घराच्या वाटण्या झाल्या. आम्ही थोरले, माडी आणि गच्ची आमच्याकडे आली. धाकट्या भावाने तळमजल्याच्या मागील दोन खोल्या घेतल्या. “दादा, मला चालेल,” असे तो हसून म्हणाला होता. आम्ही त्याला समजूतदारपणा मानले आणि चारचौघांत वाखाणलेही. पुढे शेजारी इमारती उठल्या. बाहेर रस्त्यावरून मेट्रोचा मार्ग गेला. २०२० साली सुलतान बाजाराचे स्थानक सुरू झाले. बाजाराचे ऊन असे चहूबाजूंनी कमी होत गेले, आणि मागील खोल्यांत तर दिवसाही दिवा लागू लागला. भाऊ गेला, त्याला काही वर्षे झाली. भावजय तिथेच राहते. मुलांच्या तोंडून आम्हीही तिला काकूच म्हणतो. दोन वर्षांपासून तिची कंबर आणि पाय दुखत. रक्त तपासले तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी निघाले होते. तिच्या डॉक्टरांनी वय, आहार अशी आणखीही कारणे सांगितली होती आणि गोळ्या दिल्या होत्या. दोष एकट्या अंधाराचा नव्हता. पण गच्चीच्या जिन्याला आमचे कुलूप होते, आणि ते वाळवणे चोरीस जाऊ नयेत म्हणून आम्हीच लावले होते, ही गोष्ट खरी. काकूने किल्ली कधी मागितली नाही. आम्हीही कधी विचारले नाही.

दुसऱ्याच दिवशी धोंडूसाठी नवी पेटी, नवा दिवा, नवी नळी आणली. पण माडीवर दोन पेट्यांना जागा नव्हती. शिवाय दोघे एकमेकांना दिसताही कामा नयेत. आम्ही खाली गेलो. “काकू, हा आजारी आहे. तुझ्या खोलीत ठेवला तर चालेल का? तीन वेळा औषध पाजावं लागेल.”

“ठेवा की, दादा,” ती म्हणाली. “मला तरी दुसरं काय काम आहे?”

संध्याकाळपर्यंत पेटी बसली, टायमर लागला. सकाळी सात वाजता आम्ही औषध घेऊन खाली गेलो, तेव्हा दिवे नुकतेच लागले होते आणि काकू पेटीसमोर पाटावर बसली होती. भिंतीवरचा भावाचा फोटो लख्ख दिसत होता. ती आमच्याकडे न पाहता म्हणाली, “दादा, लग्न होऊन आले, तेव्हापासून या खोलीत एवढा उजेड पाहिला नव्हता.”

यावर काय बोलावे? आम्ही वर गेलो आणि जिन्याचे कुलूप काढले. त्या दिवशी अकराच्या सुमारास सौभाग्यवती काकूला हात धरून गच्चीवर घेऊन गेल्या. आता दोघी जावा रोज अर्धा तास तिथे ऊन खात बसतात, भाजी निवडतात आणि आमच्या तक्रारी करतात. पेटीतला दिवा सरड्यासाठी असतो. माणसाला गच्चीच हवी.

धोंडू वाचला. काकूने त्याला थेंबथेंब औषध पाजले. पाय स्थिर झाले, वजन वाढले. जबडा मात्र एका बाजूस वाकडा राहिला. तो सरळ होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. काही उणिवा वेळ टळल्यावर भरून निघत नाहीत. पुढचे नुकसान थांबते, एवढेच. दगडू एकटा खुशाल आहे. आम्हांला वाटले होते तशी त्याला भावाची आठवण काही आलेली दिसत नाही.

नातू दिवाळीत आला तो या गडबडीतच; पाहुणे परत नेण्याची गोष्ट त्याने काढली नाही, आम्हीही काढली नाही. जाताना त्याने दोन्ही नळ्यांवर तारीख लिहून ठेवली. वर्षभराने त्या डोळ्यांना तशाच उजळ दिसतात, पण किरण संपत आलेले असतात. म्हणून तारखेवर विश्वास ठेवावा, डोळ्यांवर नव्हे, असे तो म्हणाला. ज्यांच्या घरी असे पाहुणे येतील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: प्रत्येकाला स्वतंत्र घर, किरणांची नळी जाळीवर, मध्ये काच नको, आणि एकाचे ऊन दुसऱ्यास देऊ नये.

यंदा रथसप्तमीला गच्चीवर गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध ठेवले. पूर्वी हे आम्ही दोघेच करीत असू. यंदा दूध उतू गेले तेव्हा काकू शेजारी उभी होती. गच्चीच्या किल्लीची आता गरज उरलेली नाही. तरी ती खालच्या बोळातील खुंटीवर, सर्वांचा हात पोहोचेल अशी टांगलेली आहे.