दोनशे खुर्च्यांचा जॅझ

जुहूत एखाद्या शनिवारी सोल आणि जॅझचा कार्यक्रम लागला की विचारपूस होते ती कलाकारांची. गायिका कोण, सॅक्सोफोनवर कोण, ड्रमर बाहेरून येतोय का. कार्यक्रम कुठल्या खोलीत आहे, तिचं छत किती उंच, स्टेजच्या मागे काच आहे की पडदा, हे सहसा कुणी विचारत नाही. सभागृहांचा आणि कार्यक्रमांचा आवाज सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे मला नेमका हाच प्रश्न आधी सुचतो. माझं म्हणणं असं की मुंबईत या संगीताला ना वादकांची वाण आहे ना ऐकणाऱ्यांची. वाण आहे ती दीडशे ते अडीचशे माणसं मावतील अशा, चारी बाजूंनी बंद आणि जेवणाच्या ताटापेक्षा गाण्याला मोठं मानणाऱ्या खोलीची. पश्चिम उपनगरांत तर ती जवळजवळ नाहीच. अशी खोली नसेल तर कितीही मोठा कलाकार आणला तरी हाती लागतो तो या संगीताचा सांगाडा.

असं म्हणण्यामागचं पहिलं कारण निव्वळ भौतिकशास्त्राचं आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 345 मीटर धावतो. म्हणजे स्टेजवर दहा मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोन वादकांना एकमेकांचा आवाज सेकंदाच्या पस्तिसाव्या भागाइतका उशिरा पोचतो. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते, पण जॅझमधला स्विंग ज्याच्यावर उभा आहे तो फरक याच मापाचा असतो. डबल बेसवाला ठोक्याच्या किंचित पुढे, सॅक्सोफोन किंचित मागे रेललेला, आणि मधली ओढाताण राइड सिम्बलवर तोललेली. या सगळ्याचा हिशोब सेकंदाच्या शंभराव्या भागांत चालतो. म्हणून जुन्या छायाचित्रांत जॅझचे वादक एकमेकांना चिकटून उभे दिसतात. त्यांना मोठ्या मंचावर पांगवलं की ते कान सोडून मॉनिटर स्पीकरवर विसंबतात आणि वाजवणं सुरक्षित होत जातं. त्यात समोरची कडक भिंत पंचवीस मीटरवर असली तर स्नेअरचा फटका तिच्यावर आपटून सेकंदाच्या सातव्या भागानं परत येतो, दोन ठोक्यांच्या अधेमधे कुठं तरी पडतो आणि ड्रमरला स्वतःचाच वैरी करून सोडतो. शहरातल्या बँक्वेट हॉलमध्ये जॅझ ‘गिचमिड’ का ऐकू येतो याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं. साउंडवाल्याला शिव्या घालून त्यात काही फरक पडत नाही.

सोलची गरज निराळी आहे. हे संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलं. गाणाऱ्यानं हाक द्यायची आणि समोरच्यांनी ओ द्यायची, हा त्याचा गाभा. अरीथा फ्रँकलिननं जानेवारी 1972 मध्ये ‘अमेझिंग ग्रेस’ हा संग्रह ध्वनिमुद्रित केला तो लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये, भाविकांसमोर. स्टुडिओ तिला परका नव्हता, तरीही. त्याच वर्षी आलेला डॉनी हॅथवेचा ‘लाइव्ह’ हा संग्रह हॉलिवूडच्या ट्रूबडोर आणि न्यूयॉर्कच्या बिटर एंड या दोन छोट्या क्लबांतला आहे. त्यात एका गाण्याचं धृपद श्रोते अक्षरशः ताब्यात घेतात आणि गायक त्यांना साथ करू लागतो. हा देवाणघेवाणीचा व्यवहार तेव्हाच जमतो, जेव्हा गायकाला पहिल्या रांगेतल्या माणसाचा सुस्कारा ऐकू येतो.

आता हेच गाणं जेवणाच्या जागेत ठेवून पाहा. भरलेल्या रेस्टॉरंटात नुसत्या बोलण्याचा आवाज सत्तर-पंचाहत्तर डेसिबलच्या घरात सहज जातो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. बँडचा आवाज वाढला की टेबलांचा वाढतो, टेबलांचा वाढला की बँडचा. शिवाय बारमधला बर्फाचा ब्लेंडर हळुवार कडव्याच्या मधोमधच सुरू होतो, असा माझा ठाम समज आहे. अशा वेळी मिक्सरवर बसलेल्या माणसाला एकच उपाय उरतो. कॉम्प्रेसर लावून मऊ आवाज वर खेचायचे, मोठे खाली दाबायचे, म्हणजे सगळं एका पातळीवर टेबलांच्या डोक्यावरून जाईल. पण सोलची गायिका कुजबुजीपासून सुरुवात करून चार मिनिटांत जो डोंगर चढते, वरच्या सुराला माइक हातभर लांब नेते, ती सगळी चढण या प्रक्रियेत सपाट होते. ड्रमरनं काठ्या ठेवून ब्रश घेतले हे डोळ्यांना दिसतं, कानांना कळत नाही. श्रोता घरी जाताना म्हणतो, छान होतं, जरा एकसुरी वाटलं. तो एकसुरीपणा गायिकेचा नसतो.

मुंबईचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. 1935 साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे टेडी वेदरफोर्डसारखा पियानोवादक इथं रमला. त्यांच्याकडून ही विद्या उचलली ती प्रामुख्यानं गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेली ही पोरं. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग झाला. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं हॉटेलांचं अर्थकारण हलवलं, तरी पुढची वीसेक वर्षं चर्चगेटच्या रस्त्यावरच्या गेलॉर्ड, बॉम्बेलीज, ॲम्बॅसडर, ॲस्टोरियाचं व्हेनिस अशा जागांत बँड वाजत राहिले. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना तिथलेच. या जागा लहान होत्या, वादक रोज तिथं वाजवत, आणि मोठ्या पाहुण्या बँडचे वादक रात्री तिथं वाद्यं घेऊन पोचत. हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांच्या 1951 च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. ज्या ठेक्यावर मराठी मुलखातल्या तंबू टॉकीजांनी ताल धरला, त्याची रोजची तालीम चर्चगेटच्या चार टेबलांमधल्या जागेत चालली होती. खोल्या गेल्या तशी ती तालीम गेली. आशा पुथलीसारखी मुंबईत घडलेली गायिका जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या संग्रहावर गायली आणि पुढे सोल-फंकमध्ये नाव कमावती झाली, पण ते सारं परदेशात.

यावर जाणकार लगेच रंगभवनचं नाव घेतील. 1978 च्या फेब्रुवारीत निरंजन झवेरी आणि मंडळींनी धोबीतलावच्या त्या उघड्या नाट्यगृहात पहिली जॅझ यात्रा भरवली, सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तिथं वाजवून गेला, श्रोत्यांची गर्दी लोटली. मग छोट्या खोलीचा हट्ट कशाला? आक्षेप खरा आहे आणि रंगभवनला छत नव्हतं हा त्याचा फायदाच होता, कारण उघड्यावर आवाज परत यायला वरून काही नसतं. पण रॉलिन्स रंगभवनात घडला नव्हता. 3 नोव्हेंबर 1957 ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये फक्त बेस आणि ड्रम घेऊन त्यानं जे वाजवलं, ते आजही सॅक्सोफोनवाले अभ्यासतात. ते तळघर सव्वाशे माणसांचं, आकारानं चक्क तिकोनी. मोठा मंच ही यात्रेची, जत्रेची जागा; तिथं घडलेला कलाकार दाखवता येतो, घडवता येत नाही. जत्रा वर्षातून एकदा भरते आणि उरलेले दिवस वादकाला वाजवायला कुठं तरी जागा लागते. जॅझ यात्रा ज्या पिढीच्या जिवावर उभी राहिली त्या इथल्या वादकांची बोटं चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत तयार झालेली होती. ती पिढी थकली तेव्हा उत्सव होते, पण मागून येणारी फळी विरळ होती.

दुसरा आक्षेप वेगळ्या सुरात येतो: हे आपलं संगीत नव्हे, मूठभर श्रीमंतांची हौस, तिच्यासाठी जुहूसारख्या ठिकाणी जागा कशाला अडवायची? याला उत्तर म्हणून जॅझही उत्स्फूर्त आणि रागसंगीतही उत्स्फूर्त, असं एक घासून गुळगुळीत झालेलं विधान केलं जातं. मला ते पटत नाही. रागाची बढत आणि स्वरसंवादांच्या चौकटीवर केलेला जॅझचा सोलो यांची रीत फार वेगळी आहे. साम्य असलंच तर ते बसण्याच्या पद्धतीत आहे. कोल्हापूरच्या देवल क्लबात, गिरगावच्या लक्ष्मीबागेत ख्याल ऐकला गेला तो गवयापासून हाताच्या अंतरावर बसून. समेवर मान डोलली, तोंडून ‘वाहवा’ गेली, की ती दाद गवयाला कळत होती आणि पुढचं आवर्तन त्यावर ठरत होतं. म्हणजे छोट्या खोलीत, नीट कान देऊन, मोठ्यानं दाद देत ऐकणं ही मराठी माणसाची जुनीच सवय आहे. बैठकी सभागृहांत गेल्या आणि सभागृहं हजाराची झाली, तेव्हा ख्यालाचंही काय झालं ते जुने रसिक सांगतीलच. श्रीमंतांच्या हौशीबद्दल म्हणाल तर आज जॅझ पंचतारांकित लाउंजांत अडकला आहे तो स्वस्त खोली नसल्यामुळे; खोली नसणं हे त्या आक्षेपाचं समर्थन कसं होईल?

आणि जुहूच का, तर इथं हा प्रयोग एकदा यशस्वी झालेला आहे, नाटकाच्या बाबतीत. पहिल्या जॅझ यात्रेच्याच वर्षी, 5 नोव्हेंबर 1978 ला, शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी पृथ्वी थिएटर उघडलं. वास्तुरचना वेद सेगन यांची. सुमारे दोनशे खुर्च्या, तीन बाजूंना प्रेक्षक, मंच जवळजवळ पहिल्या रांगेच्या पायाशी. पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा, हिंदीतून. आवाज न फेकता बोलणारा नट त्या खोलीत शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि त्यामुळे एका पिढीची अभिनयाची पद्धतच पालटली. मोठ्या थिएटरांत हीच नाटकं झाली नसती असं नाही, पण अशी झाली नसती. नरीमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचे वादकही छोट्या संचात तिथं वाजवून गेले आहेत, म्हणजे जुहूचा श्रोता संगीतासाठी गप्प बसतो हेही सिद्ध झालेलं आहे. भरीला चित्रपटांचे बरेचसे ध्वनिमुद्रण स्टुडिओ जुहू-अंधेरीच्या पट्ट्यात आहेत, आणि दिवसा तिथं काम करणारे गिटारवाले, ड्रमर, ट्रम्पेटवाले याच उपनगरांत राहतात. जॅझ ऐकायला-वाजवायला त्यांनी एनसीपीए गाठायचं आणि रात्री चर्चगेटहून लोकल पकडायची, ही उलटी वरात आहे.

खरा अडसर पैशाचा, हे कबूल करायलाच हवं. 2007 साली लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लूफ्रॉग हे संगीताचं रेस्टॉरंट उघडलं तेव्हा गोल गोल बैठकी मंचाकडे तोंड करून, उतरत्या पातळ्यांवर रचल्या होत्या. खाण्यापिण्याची जागा संगीतासाठी कशी बांधावी याचा तो चांगला धडा होता. तरी 2016 मध्ये ते बंद झालं. तिकिटाच्या पैशात मुंबईचं भाडं निघत नाही, मग ताटं वाढवावी लागतात, ताटं वाढली की बोलणं वाढतं, आणि वर सांगितलेलं चक्र सुरू होतं. व्हॅनगार्डमध्येही पेय मिळतं, पियानोवादक बिल एव्हान्सच्या 1961 च्या तिथल्या ध्वनिमुद्रणांत ग्लासांची किणकिण ऐकू येते. पण तिथं स्वयंपाकघरात स्वयंपाक होत नाही. वादक मध्यंतरात तिथं टेकतात. जागेचं प्राधान्य यातून कळतं. पृथ्वी टिकलं ते एका न्यासाच्या आधारावर. जुहूत जॅझची खोली टिकायची तर तीही बाजारभावानं भाडं भरून टिकणार नाही. एखाद्या न्यासानं, महाविद्यालयानं वा जिमखान्यानं आपला पडून असलेला हॉल आठवड्यातून दोन रात्री दिला तरच ते शक्य आहे. नवी इमारत मागण्यात मला अर्थ दिसत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतो, आणि तो तांत्रिक असल्यामुळे सुटण्याजोगा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, शांतता क्षेत्रात तर अधिकच कडक. रंगभवनचा आवाज बसला तो आजूबाजूच्या कॉलेज-इस्पितळांमुळे. मात्र सभागृहासारख्या बंद जागेला दहाच्या बंदीतून त्याच नियमांत सूट आहे, अट इतकीच की आवाज हद्दीबाहेर ठरलेल्या मर्यादेत राहावा. मेख अशी की ही मर्यादा ज्या ‘ए’ मापानं मोजतात ते खर्जाला फार सौम्य आहे. बेसची सर्वांत खालची उघडी तार 41 हर्ट्झवर वाजते. त्या पट्टीत हे माप सुमारे 34 डेसिबल कमी दाखवतं. मीटरवर सगळं नियमात आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या पलंगाला थरथर, असं त्यामुळेच होतं. भिंतींना फोम चिकटवून काहीही साधत नाही; तो झांजेची चमक तेवढी खातो. 41 हर्ट्झची लहर जवळजवळ साडेआठ मीटर लांब असते, तिला अडवायला वजन लागतं आणि मधे पोकळी लागते: खोलीत खोली, रबरावर तरंगती फरशी, इमारतीला कुठंही न टेकणारं छत, दोन दारांमधला बोळ. एसीची हवा रुंद नळ्यांतून सावकाश सोडायची, म्हणजे ब्रशच्या आवाजावर ती बसत नाही. जुहूला याचा दुहेरी उपयोग आहे, कारण जी भिंत बेस बाहेर जाऊ देत नाही, तीच सांताक्रूझहून समुद्रावर निघालेलं विमान आत येऊ देत नाही. खोली चौरस मात्र असू नये. लांबी-रुंदी सारखी झाली की तोच खर्ज कोपऱ्यांत फुगतो आणि मधल्या खुर्च्यांवरून नाहीसा होतो, आणि मग तिथले लोक पुन्हा बेसवाल्यालाच दोष देतात.