एका दिवसाचा पहाड आणि आठ महिन्यांची वाट

शिखरजीची यात्रा करून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पहाड पायी केला की डोलीने?" पायी केला असे उत्तर आले की ऐकणारे आदराने मान डोलावतात. तो आदर योग्यच आहे. परंतु त्याच घरावरून एखाद्या पहाटे साध्वीजी विहार करीत पुढच्या गावाला निघून जातात, तेव्हा "आज किती चालणार?" हे विचारण्याचेही आपल्याला सुचत नाही. एका दिवसाची चढण आपल्याला कष्टाची वाटते आणि महिनोन्‌महिने चाललेली वाट नित्याची. या दोहोंत अधिक अवघड काय, याचा हिशेब मांडावा असे फार दिवस मनात होते. आयुष्य बँकेत गेल्यामुळे जमाखर्च लिहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही.

आधी पहाडाचे खाते पाहू. पारसनाथ हा झारखंडातील सर्वांत उंच डोंगर असून त्याची उंची सुमारे १,३६५ मीटर आहे. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. मधुबनहून नऊ किलोमीटर चढण, वर सर्व टोंकांची नऊ किलोमीटरांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतार, अशी एकूण २७ किलोमीटरांची वंदना सांगितली जाते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता, तो आजही वापरतात : सपाटीवर दर पाच किलोमीटरांना एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. त्या मापाने २७ किलोमीटरांचे साडेपाच तास आणि हजारेक मीटर चढाचे पावणेदोन, असे सव्वासात तास होतात. मात्र टोंकाटोंकावरील दर्शन, मधले चढउतार आणि उतरताना गुडघ्यांवर येणारा भार या ठोकताळ्यात कोठेच धरलेला नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ही वंदना पायी केली, तेव्हा मला अकरा तास लागले. पुढचे दोन दिवस धर्मशाळेचा जिना कठड्याला धरून उतरलो आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसलो.

आपल्या पेढीच्या भाषेत सांगायचे तर पहाड ही दर्शनी हुंडी आहे. ती समोर आली की सगळी रक्कम त्याच दिवशी मोजावी लागते. पण एकदा मोजली की खाते मिटते.

विहाराचे तसे नाही. समजा, रोज पंधरा किलोमीटर चालायचे आहे. त्याच ठोकताळ्याने सपाट रस्त्यावर तीन तास झाले, म्हणजे पहाडाच्या निम्मेही नाहीत. पण असे दहा दिवस चालले की दीडशे किलोमीटर होतात, शिखरजीच्या साडेपाचपट. हा हप्त्याने फेडायचा व्यवहार आहे. हप्ता लहान असतो, पण एकही चुकवता येत नाही. शिवाय इथे व्याजावर व्याज चढते. पहाडावर तळपायाला फोड आला तर तो खाली आल्यावर दुखतो; वाटेवर दुसऱ्या दिवशी आलेला फोड तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशीही चालायला आपल्याबरोबर असतो. अमेरिकेत ॲपलेशियन पर्वतरांगेतून सुमारे ३,५०० किलोमीटरांची एक पायवाट जाते. ती एका दमात पूर्ण करण्यासाठी निघालेल्यांपैकी साधारण चारांतील एकच शेवटपर्यंत पोचतो. तिथला एखाद्या दिवसाचा चढ बहुतेकांना झेपतो. थकवतात ते एकामागून एक येणारे दिवस.

निवृत्तीनंतर एका वर्षी फाल्गुनात मी साध्वीजींबरोबर घाटंजीहून यवतमाळपर्यंत चाललो. मोटारीने तासाभराची ही वाट आम्ही तीन दिवसांत केली. माझ्या पायांत बूट, डोक्यावर टोपी. त्या अनवाणी, खांद्यावर वस्त्रे, पात्रे आणि ग्रंथ यांचा भार, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. नऊनंतर डांबर तापू लागले की त्या रस्त्याकडेच्या मातीवरून चालत. तिथे मात्र बाभळीचे काटे. दुसऱ्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावर मी सहज म्हणालो, "महाराजसाहेब, उद्याचे अंतर आजच्यापेक्षा कमी आहे." त्या म्हणाल्या, "भाई, अंतर असू द्या. तिथे घरे किती आहेत?"

माझ्या हिशेबात हा रकाना नव्हताच. ॲपलेशियनचा वाटसरू तंबू आणि चार दिवसांचा शिधा पाठीवर नेतो, जवळ पैसे ठेवतो. शिखरजीच्या यात्रेकरूसाठी मधुबनला धर्मशाळा आणि भोजनशाळा सज्ज असतात. साध्वीजींजवळ पैसा नाही, उद्यासाठी अन्नाचा संचय नाही, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. त्यांच्या वाटेची लांबी किलोमीटरांत मोजून भागत नाही. एका उघड्या दारापासून दुसऱ्या उघड्या दारापर्यंत ती मोजावी लागते.

आणि आपल्या भागात ही दारे एकमेकांपासून दूर चालली आहेत. कापसाच्या बाजारामुळे आपली माणसे पूर्वी लहानलहान गावांतही दुकान मांडून राहिली. आज मुले पुण्याला किंवा नागपूरला असतात. मागे राहिलेल्या वृद्धांनाही ती नेतात, आणि तेही बरोबरच आहे. पण एका गावातले शेवटचे घर बंद झाले की पंधरा किलोमीटरांचा विहार थेट पंचवीस-तीस किलोमीटरांचा होतो, तोही चैत्र-वैशाखातल्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात. मग लवकर पोचण्यासाठी अंधारात निघावे लागते आणि रस्त्यावरच्या भरधाव वाहनांचा धोका वाढतो. विहारातील अपघातांच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. त्यांची एक मुळी आपल्याच कुलूपबंद घरापाशी निघते.

तेव्हा माझा ताळेबंद असा : शरीराच्या एका दिवसाच्या कष्टात पहाड जड आहे, तर दीर्घ वाट सगळ्याच बाबतींत जड आहे. पहाड स्वतःच्या पायांनी चढता येतो. विहाराला मात्र चालणाऱ्याच्या पायांइतकीच थांबलेल्यांची सोबत लागते, आणि तिथे आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. गावातले घर विकायचे नसेल तर एक खोली झाडून तिची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवता येते. घर नसेल तिथे शाळेचे गुरुजी किंवा एखादा शेतकरी आनंदाने ओसरी देतो; आधी कोणीतरी जाऊन भेटायला मात्र हवे. तरुणांनी चमकणारी जाकिटे घालून, हातात विजेरी घेऊन पहाटेचे दोन तास बरोबर चालावे. यंदा कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठेल आणि विहार पुन्हा सुरू होतील. तोपर्यंत आपल्या तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणते दार उघडे आहे, याची एक यादी तयार व्हावी. ती लिहून काढण्याचे काम मी घेतो. गावे तुम्ही कळवा.