पिवळ्या विमानांच्या गावांतून

ओटावा, सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दुसरं महायुद्ध हा तुमचा विषय, म्हणून हे पत्र आधी तुम्हाला. याच शहरात 17 डिसेंबर 1939 रोजी कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी वैमानिक घडवण्याच्या करारावर सह्या केल्या. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांचा त्या दिवशी पासष्टावा वाढदिवस होता. ब्रिटनचं आभाळ ढगाळ, गर्दीचं आणि शत्रूच्या टप्प्यातलं. तिथे नवशिक्यांनी घिरट्या घालायच्या कुठे? कॅनडात मोकळं आकाश होतं, अमेरिकेतले कारखाने शेजारी होते आणि जर्मन विमानं इथवर पोहोचू शकत नव्हती. दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण ऱ्होडेशियातही अशीच प्रशिक्षण केंद्रं उघडली. कित्येक ऑस्ट्रेलियन मुलं पहिले धडे घरी गिरवून पॅसिफिक ओलांडून कॅनडात आली. भारत या करारात नव्हता. आपल्या हवाई दलाची मुलं बेगमपेठ, जोधपूर आणि अंबाल्याला शिकली.

उद्या पश्चिमेला निघतो. आईला नमस्कार.

ब्रँडन, मॅनिटोबा

ती. बाबांस,
सा. न.

इथे नजर पोहोचेल तिथवर सपाट शेती आहे. विमानतळाला लागून युद्धकाळातलं एक लाकडी हँगर उभं आहे आणि त्यातच ओटावात ठरलेल्या त्या प्रशिक्षण योजनेचं संग्रहालय आहे. आत पिवळीधमक विमानं आहेत. शिकाऊ विमान लांबून ओळखता यावं, म्हणून हा रंग.

शिक्षणाची वाट पायरीपायरीची होती. आधी कवायत, मग गणित, हवामान, दिशाशास्त्र. कोण वैमानिक होणार आणि कोण नॅव्हिगेटर, हे बऱ्याचदा या वर्गांतच ठरे. निवडलेला मुलगा टायगर मॉथसारख्या हलक्या विमानावर बसे. त्यानंतर लढाऊ विमानांसाठी एका इंजिनाचं हार्वर्ड, बॉम्बफेकीसाठी दोन इंजिनांचं अॅन्सन किंवा क्रेन.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो लिंक ट्रेनरपाशी. जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारी, छोट्या पंखांची बंद पेटी. आत बसलं की बाहेरचं काही दिसत नाही, फक्त काटे आणि तबकड्या. ती हलते हवेच्या भात्यांवर, आपल्या बाजाच्या पेटीला असतात तशा. ती बनवणाऱ्या एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, तिथलीच ही विद्या. शेजारच्या टेबलावर नकाशावर एक यंत्र शाईने मुलाचा मार्ग रेखाटत जाई आणि चूक लगेच दिसे. ढगात कान आणि पोट फसवतात, काट्यांवर विश्वास ठेवायचा, हे जमिनीवरच शिकवलेलं बरं.

युद्ध संपेपर्यंत या योजनेतून 1,31,000 हून अधिक जण तयार झाले; त्यांत वैमानिक जवळपास 50,000. कितीतरी उत्तम वैमानिकांना आघाडीवर जायचं होतं, पण त्यांना शिक्षक म्हणून इथेच ठेवलं गेलं. रोज नव्या मुलाच्या हाती विमानाची दांडी देऊन सोबत शांत बसणं, हे धाडस मला लढाईपेक्षा कमी वाटत नाही.

मूस जॉ, सस्कॅचेवान

ती. बाबांस,
सा. न.

युद्धात इथे ब्रिटिश हवाई दलाची शाळा होती. त्याच तळावर आजही कॅनडाचे वैमानिक शिकतात. गावातल्या दफनभूमीत प्रशिक्षणात गेलेल्या तरुणांच्या एकसारख्या शिळा आहेत: नाव, हुद्दा, तारीख. शत्रूचं विमान त्यांनी पाहिलंही नव्हतं. कुणी धुक्यात वाट चुकला, कुणी रात्रीच्या सरावात जमिनीवर आदळला, कुणाची हवेतच टक्कर झाली. संपूर्ण योजनेत असे शेकडो गेले. घर समुद्रापलीकडे, त्यामुळे त्यांना ज्या गावात मरण आलं त्याच गावात पुरलं.

शिकून पुढे गेलेल्यांतले हजारो बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलात, दाखल झाले. त्या दलाचे 55,573 जण परत आले नाहीत, हे तुम्ही मला लहानपणीच सांगितलं होतं. त्या आकड्यामागे या गावांतले वर्ग उभे आहेत, हे मला इथे येऊन कळलं. हवाई युद्ध लंडन किंवा बर्लिनच्या आकाशात सुरू झालंच नाही. ते या गव्हाच्या शेतांवर, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या पहिल्या एकट्या उड्डाणापासून सुरू झालं. म्हणून शिकताना मेलेलाही लढताना मेलेल्याइतकाच सैनिक आहे. बाबा, वाचनालयात या युद्धावर पुन्हा बोलाल तेव्हा सुरुवात या मुलांपासून करा.