फॅट नुसती वाणात नसते

दुधाची फॅट म्हणजे गाईचा वाण, असे मी बरीच वर्षे ठामपणे मानत आले. जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्चिंगला जनुकीय माहितीचे विश्लेषण करणाऱ्या माझ्यासारखीला हे पटायला कारणही जवळच होते. इसार नदीच्या काठाने उत्तरेला गेले की फ्रायझिंग. तिथे वाइहेनश्टेफानला म्युनिक तांत्रिक विद्यापीठाचे शेती आणि पशुविज्ञानाचे काम चालते. २००२ साली तिथल्या रुएदी फ्रीस यांच्या गटाने, आणि त्याच वर्षी बेल्जियममधल्या लिएजच्या गटानेही, डीजीएटी१ या जनुकातला एक फरक दाखवला. त्याच्या प्रथिनात अलानीन या अमिनो आम्लाच्या जागी लायसीन असले की फॅट चढते, दूध थोडे घटते. आपल्या देशी गाई-म्हशींत बहुतांशी लायसीनचाच प्रकार आढळतो. इतका स्वच्छ पुरावा हाती असल्यावर वाणापलीकडे बघावेसे वाटत नव्हते.

पण एकाच गाईची फॅट वेताच्या सुरुवातीला एक लागते, आटत्या दुधात दुसरी, आणि कडक उन्हाळ्यात तर उतरतेच. जनुके तीच असतात. मग बदलते काय?

माझे मत फिरवले ते मायक्रोआरएनएंनी. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रवकन यांनी १९९३ मध्ये सूत्रकृमीत उलगडलेले, साधारण २२ अक्षरांचे हे रेणू. त्यासाठी २०२४ चे नोबेल मिळाले. प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या शेपटाला ते चिकटतात आणि तो निरोप दाबतात. कासेच्या पेशीत मायक्रोआरएनए-२७ए वाढवला, की मेदाची जनुके जागवणारे पीपीएआर-गॅमा दबते आणि पेशीतले मेदाचे थेंब कमी होतात. शेळीच्या पेशींत मायक्रोआरएनए-१०३ उलट मेद वाढवतो. म्हणजे तोच वाण, पण हुकूम दर घडीला वेगळा.

म्हणून उद्या मायक्रोआरएनएची पावडर गोठ्यात यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. हे बरेचसे प्रयोग बशीतल्या पेशींवर झाले आहेत. त्यातली मॅक-टी ही गाईच्या कासेची पेशीमालिका १९९१ पासून प्रयोगशाळेतच वाढते आहे. शिवाय एकच मायक्रोआरएनए शेकडो निरोपांना हात घालू शकतो. फॅट वाढवताना आणखी काय दाबले जाईल, हे आधी जिवंत गाईत तपासायला हवे.

आणि हुकूम कसाही असो, माल लागतोच. दुधातली जवळपास निम्मी मेदाम्ले कास स्वतः बनवते, मुख्यतः वैरण पोटात आंबून तयार होणाऱ्या ॲसिटेटपासून. तेव्हा फॅट लागत नाही म्हणून गाय विकायला काढण्याआधी, तिच्या गव्हाणीत कडबा पुरेसा पडतो का, ते पाहा.